काचेच्या कपाटातले कच्चे ढेकूळ

आरंभीच क्षमा मागते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. स्वतः सलग लिहिले ते बहुतेक रजेचे अर्ज, आणि त्यांतही कारण खरे असले की हात अडखळत असे. ज्या शहरात दर तिसऱ्या घरात एक आत्मचरित्र सिद्ध होत असते आणि दर दुसऱ्या घरात त्याच्या चुका काढणारा एक जाणकार राहतो, तेथे एका निवृत्त शाळामास्तरणीने सत्तरी ओलांडल्यावर लेखणी उचलावी, याची कोणालाही निकड नव्हती. तरीही बसले आहे. विषयही काही भव्य नाही. विषय आहे गंज. म्हणजे लोखंड, हवा आणि पाणी यांचा संसार, आणि त्या संसारातून कधी पिवळी, कधी तांबडी, कधी काळी अशी निपजणारी संतती. माझी नात संगणकाच्या कंपनीत आहे. तिला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "नानी, म्हणजे बेसिकली रस्टच ना?" होय, बेसिकली रस्टच. आमच्या घराण्याचे दोन पिढ्यांचे चरित्र तिने एका वाक्यात आटोपले, आणि मला ते करायला एवढी पाने लागणार आहेत.

आम्ही शिकलगार. आजोबांपर्यंत सर्वांनी तलवारी, कोयते, सुऱ्या घासल्या. गंज हा त्यांचा शत्रू. अब्बांच्या काळापर्यंत तलवारी भिंतीवर गेल्या आणि सुऱ्यांना धार लावण्यात पोट भरेना, म्हणून अब्बांनी शत्रूशीच भागीदारी केली. पेठेत, बोहरी आळीपासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी मातीच्या रंगांचे दुकान काढले. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणाला लागून दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत आम्ही. महाबळेश्वराकडच्या जांभ्याच्या पठारांवरून पिवळ्या मातीची पोती येत. ती कुटून चाळली की झाली पिवडी, भिंतींना द्यायची. तीच माती अंगणातल्या रुंद लोखंडी कढईत भाजली की झाला गेरू. तो फरशीच्या कोब्यात, कुंड्यांवर, उंबऱ्यांवर, मूर्तिकारांकडे जाई. आणि तीच माती लाकडाच्या भुशाबरोबर मडक्यात घालून, मडक्याचे तोंड चिखलाने बंद करून तापवली की निघे काळा रंग, ज्याला लोहचुंबक लावले की तो केसाळ सुरवंटासारखा चिकटून येई. अब्बांच्या गल्ल्यात एक लोहचुंबक कायम असे आणि गिऱ्हाइकापुढे तो प्रयोग करताना त्यांचा चेहरा, ईश्वराने सृष्टी निर्माण करताना अब्बांचा सल्ला घेतला होता, असा होई.

गिऱ्हाईक विचारी, "गेरू खाणीतलाच आहे ना?" अब्बा म्हणत, "खाणीतलाच." हे खरे होते. माती खाणीतलीच होती. अब्बा खोटे कधी बोलत नसत. फक्त पुढचे वाक्य बोलत नसत. कोणी चिमटीत रंग घेऊन फार वेळ चोळू लागला, तर ते त्याच्याकडे न पाहता म्हणत, "हात धुवायला पाणी नळाला आहे. नळ महानगरपालिकेचा आहे. तो चौकात आहे."

आमच्या घरी पांढरी अशी वस्तू नव्हती. अब्बांचा शुक्रवारचा कुर्ता धुऊन वाळत घातला की दोरीवरच गुलाबी होई. उशा, पाटीवरची पेन्सिल, मांजर, सगळ्यांवर एक तांबूस झाक. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या दुधालाही ती झाक येई आणि पाहुण्यांचा समज होई की आत केशर पडले आहे. अम्मी तो समज दूर करत नसे. तिचीही एक लोखंडी कढई होती. तीत चिंच घालून केलेली वांगी काळीशार होत आणि तोंडाला लोखंडाची चव येई. ती चव मला अजून कुठल्या हॉटेलात मिळालेली नाही, आणि डॉक्टरांच्या गोळीत मिळते ती निराळी. घराला एक आवाजही होता. पहाटे चाळणीची एकसुरी फसफस, मग कुटण्याचे ठोके, आणि दुपारी कढई तापली की मातीची बारीक तडतड. अब्बा म्हणत, "ऐक. पाणी निघालं." मला ते पाणी कधी दिसले नाही. कोरड्या ठणठणीत मातीतून कसले पाणी निघते, हे कॉलेजात गेल्यावर कळले. पिवळ्या खनिजाचे नाव गोएथाइट. त्याच्या घडणीतच लोखंडाबरोबर पाणी बांधलेले असते. ताप लागला की ते पाणी निघून जाते आणि उरते ते तांबडे, हेमॅटाइट. कणांचा बाहेरचा आकार तोच राहतो, आत मात्र सूक्ष्म भोके पडतात. हे वाचून मी घरी धावत आले आणि अब्बांना सांगितले. ते म्हणाले, "मग मी वीस वर्षं काय सांगतोय?"

मी भूशास्त्राला गेले, यात माझे कर्तृत्व काही नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात जागा उरली नव्हती आणि भूशास्त्राच्या वर्गात माणसे उरली नव्हती. अब्बांनी परवानगी दिली, कारण त्यांना वाटले की हा मातीचाच अभ्यास आहे आणि मुलगी दुकानाच्या कामास येईल. मी त्या वर्गात एकटी मुलगी, आणि स्वभावाने अशी की हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोहोचत नसे. वडील काय करतात, असे कोणी विचारले तर मी 'व्यापार' एवढेच म्हणत असे. बाकीच्यांचे वडील बँकेत होते, पाटबंधारे खात्यात होते, एकाचे तर विद्यापीठात होते. माझे वडील अंगणात बसून माती भाजत होते. मीही भाजत होते, आणि त्याची खूण माझ्या नखांच्या कडेला कायमची बसली होती. म्हणून वर्गात हात पदराखाली ठेवायची मला सवय झाली होती.

आमच्या विभागप्रमुखांना मी येथे नुसते 'सर' म्हणेन. ते विद्वान होते, आणि हे त्यांच्या आधी कोणी सांगितले तर त्यांना आवडत असे. त्यांची जीभ अशी होती की विद्यार्थी नापास होण्याला घाबरत नसत, उत्तर द्यायला घाबरत. सरांखाली विभागाचे खरे व्यवहार पाहणारे होते किसनमामा. धायरीचे. धायरी तेव्हा नुसते गाव होते. तेथून ते सायकलीने येत. हुद्दा शिपायाचा, पण पेटीतला कोणता दगड कोणत्या खणातला हे सरांनाही त्यांनाच विचारावे लागे. तरुणपणी त्यांनी वीटभट्टीवर काम केले होते. त्या वर्षी विभागाच्या संग्रहालयासाठी साहाय्यकाची एक जागा निघाली होती. किसनमामांचा अर्ज गेला होता आणि परीक्षा आटोपल्यावर सर शिफारसपत्र लिहिणार होते. मामा कधी नव्हे ते इस्त्रीची टोपी घालून येत होते. आम्हा विद्यार्थ्यांनाही ते पक्के वाटत होते, कारण दुसरे कोणी त्या कपाटांच्या किल्ल्या ओळखत नव्हते.

शेवटच्या वर्षी पाचगणीच्या पठारावर तीन दिवसांची सहल होती. प्रत्येकाने तेथे स्वतः एक खनिज शोधून, वेष्टनावर नाव, ठिकाण लिहून विभागाला द्यायचे. त्याला गुण होते, आणि ते नसतील तर परीक्षेला बसता येणार नव्हते. मी अब्बांना विचारले. ते रंगाचे पुडे बांधत होते. "दगड बघायला तीन रात्री बाहेर? आपल्या गल्लीत दगड कमी आहेत का? ते बघ, संध्याकाळी पोरं फेकतातच." अम्मीने रदबदली केली. अब्बांनी पुढचा पुडा बांधायला घेतला. विषय संपला होता. सरांकडे जाऊन हे सांगायचे धैर्य मला असते, तर या प्रकरणाची गरजच पडली नसती.

आता ती चूक सांगते, जी फक्त आमच्यासारख्यांच्या घरात होऊ शकते. माती भाजताना ढेकळे आधी फोडून, सुपारीएवढी करून कढईत टाकायची आणि सारखी परतायची, हा आमच्या कामाचा पहिला धडा. त्याच आठवड्यात शुक्रवारी अब्बा नमाजाला गेले आणि कढई माझ्यावर सोपवून गेले. मी एका हातात उलथने, दुसऱ्या हातात स्फटिकांच्या प्रकारांची वही घेऊन बसले. ढेकळे फोडायची राहिली. मुठीएवढी, कवठाएवढी ढेकळे तशीच टाकली. परतली तीही स्फटिकांच्या दोन प्रकारांच्या मधल्या वेळात. अब्बा आले, एक ढेकूळ उचलून कट्ट्यावर आपटले. वरून कुंकवासारखे तांबडे, आत जर्द पिवळे, मध्ये केशरी कडा. त्यांनी ते दोन अर्धे तुकडे माझ्यापुढे धरले. "वरून लाल, आतून कच्चं. हे कुटून दिलं तर गिऱ्हाईक उद्या तोंडावर मारेल. शिकून येतेस ना बेटा, मग एवढं कळलं नाही, आच बाहेरून आत जाते?" उरलेली ढेकळे त्यांनी कोपऱ्यात लोटली, पुन्हा भाजायला.

त्या कोपऱ्यातले एक ढेकूळ फार देखणे होते. कवठाएवढे, गोल, बाहेरून एकसारखे तांबडे. माझ्या मनात विचार आला, तो आला तसा मी पदराखाली घेतला, नखांसारखाच. सहलीचा चमू परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी इतरांच्या वेष्टनांत माझेही वेष्टन होते. वर सुवाच्य अक्षरात: 'हेमॅटाइट. ठिकाण: पाचगणीचे पठार. संग्राहक: कु. नसीम शिकलगार.' सहलीला मी नव्हते, हे सरांच्या लक्षात आले नाही. तीन वर्षे वर्गात होते, तेही फारसे आलेले नव्हते.

सरांना ते ढेकूळ फार आवडले. इतर मुलांनी गारगोट्या आणि एकाने तर सडकेची खडी आणली होती. सर ते हातात फिरवत वर्गाला म्हणाले, "पाहा. ज्यांना जिभा आहेत त्यांनी खडी आणली. जिला नाही, तिने हे आणले." ही माझी आयुष्यातली पहिली जाहीर स्तुती. ढेकूळ काचेच्या कपाटात, मधल्या खणात, कापसावर ठेवले गेले. किसनमामांनी ते ठेवताना तळहातावर वजन केले, काचेजवळ नेऊन पाहिले आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मी हात पदराखाली घेतले.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले होते. गृहस्थ सौम्य होते आणि त्यांना भूक लागली होती. बारा वाजून गेले होते, सरांच्या घरी पुरणपोळीचा बेत होता असे कानावर होते, आणि माझा क्रमांक शेवटचा. टेबलावरचे सात नमुने मी पुटपुटत ओळखले. मग सर मोठेपणाने म्हणाले, "किसनराव, कपाटातला तो आणा. हिचाच आहे, हिलाच विचारू." मामांनी तबकातून ढेकूळ आणले. परीक्षकांनी विचारले, "हे काय आहे?"

"हेमॅटाइट."

"कशावरून?"

"कस तांबडा येतो, सर." कस म्हणजे खनिज खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासले की उमटणाऱ्या रेघेचा रंग. मी घासून दाखवले. रेघ तांबडी आली. त्यात खोटे काही नव्हते. वरचे हेमॅटाइटच होते. मी अब्बांची मुलगी होते, फक्त पुढचे वाक्य बोलत नव्हते.

परीक्षक म्हणाले, "छान. पण कस नेहमी ताज्या पृष्ठभागावर घ्यावा, नाही का?" आणि त्यांनी माझ्या हातातून ढेकूळ घेऊन, टेबलावरच्या हातोडीने, अगदी हलकेच, एक टोला दिला. ढेकूळ तबकात दोन तुकडे होऊन उघडे पडले. आत जर्द पिवळे.

मला वाटले, आता जमीन दुभंगेल. पण पुण्यात जमीन दुभंगायच्या आधी विद्वान बोलतात. सरांनी दोन्ही तुकडे उचलले, चष्मा कपाळावर नेला, आणि ते एवढे उलटसुलट न्याहाळले की परीक्षकांनी घड्याळ पाहिले. मग सर म्हणाले, "विलक्षण. गाभा गोएथाइटचा. म्हणजे हेमॅटाइटमध्ये पाणी शिरून ते आतून गोएथाइट होत चालले आहे. आतून बाहेर. अंतर्गत जलयोजन. मला वाटते, असे कोठे नोंदलेले नाही."

"नोंदलेले नसावे," परीक्षक म्हणाले. त्यांना पुरणपोळीचा वास येत असावा.

तेव्हा किसनमामा बोलले. तबक हातात तसेच होते. "सर, ह्ये भाजल्यालं हाय."

सरांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"भट्टीतली कच्ची वीट फोडली की आत अशीच दिसती. आच बाहेरनं लागल्या, आत पोचली न्हाई. पाण्यानं झालं असतं तर पिवळं बाहेरनं धरलं असतं. पाणी काय आधी पोटात शिरून मग कातड्याला येतंय व्हय?"

मला आजही वाटते की लोहखनिजांच्या रूपांतरावर त्या खोलीत त्या वर्षी उच्चारले गेलेले ते एकमेव शुद्ध वाक्य होते. सर मात्र हसले. त्यांचे हसणे त्यांच्या बोलण्याहून वाईट होते. "किसनराव, आपण असे करू. उद्यापासून व्याख्यान तुम्ही द्या, काचा मी पुसतो."

मामा लाजले, पण गप्प बसले नाहीत. "काचा मी पुसतोच की सर. ही लाल फरशीबी मीच पुसतो, दिसाला दोनदा, वल्ल्या फडक्यानं. ईस वर्सं झाली. अजून पिवळी झाल्याली न्हाई."

आम्ही चौघेही नकळत खाली पाहू लागलो. विभागाची फरशी तांबड्या कोब्याची होती, आरशासारखी. त्या कोब्यातला गेरू आमच्या दुकानातला होता, हे खोलीत मला एकटीला ठाऊक होते. एकदा पाणी गेले की गेले. तांबडी झालेली माती महिनाभर भिजत घातली तरी पिवळी होत नाही, हे आमच्या अंगणातले मांजरही जाणत होते.

"फरशीला अभ्यासक्रम नसतो, किसनराव," सर म्हणाले, आणि परीक्षकही हसले. हसता हसता परीक्षक माझ्याकडे वळले. "मुली, नमुना तू आणलास. तूच सांग. कोठे मिळाला हा?"

मामा माझ्याकडे पाहत होते. त्या पाहण्यात विनवणी नव्हती. वीट मांडून झाल्यावर गवंडी ओळंब्याकडे पाहतो, तसे ते होते. मी एवढेच म्हणायचे होते की हे आमच्या अंगणातले आहे आणि मामा म्हणतात ते बरोबर आहे. दोन वाक्ये. पहिल्याने माझी परीक्षा गेली असती, दुसऱ्याने मामांची जागा राहिली असती.

"पठारावर, सर," मी म्हणाले.

"खणून काढला?"

"नाही सर. वरच पडला होता."

माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच सर्वांना स्पष्ट ऐकू गेला. मला पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस गुण मिळाले. दोन कसले कापले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

घरी येऊन मी अम्मीला काही सांगितले नाही. अब्बांना सांगितले, कारण त्यांनी कोपऱ्यातली ढेकळे पाहून एक कमी आहे हे आधीच ओळखले होते. जेवण चालले होते, डाळ-गोश्ताचा डालचा होता. कच्चे ढेकूळ काचेच्या कपाटात कापसावर ठेवले होते, हे ऐकून ते एवढे हसले की ठसका लागला. मग पाणी पिऊन त्यांनी विचारले, "आणि ज्याने ओळखलं, तो कोण?"

"शिपाई आहेत. फरशी पुसतात."

"कच्चं-पक्कं ज्याला नजरेनं कळतं, त्याला फरशी पुसायला ठेवलंय?" ते हात धुवायला उठले. "त्याला सांग, शिकलगाराने बोलावलंय. मला असा माणूस हवाच आहे. आणि त्याला हेही सांग, की बरोबर तोच होता." दाराशी थांबून म्हणाले, "सांगशील ना?"

मी मान हलवली. आमच्या घरी मान हलवणे हे उत्तर समजत.

शिफारसपत्र दुसऱ्याच कोणाचे गेले. सरांच्या ओळखीचा एक तरुण, ज्याला पहिले वर्षभर किल्ल्या सापडत नव्हत्या. किसनमामांची बदली सायकल स्टँडवर झाली. कारण दिले होते की विभागात त्यांच्या बोलण्याने शिस्तीस बाध येतो. सरांनी कॉलेजच्या वार्षिकात 'अंतर्गत जलयोजन: एक दुर्मीळ नमुना' असा लेख लिहिला, त्यात संग्राहक म्हणून माझे नाव आहे. पुढच्या वर्षापासून विद्यार्थ्यांना त्यावर टिपा लिहायला येऊ लागल्या. मी उत्तरोत्तर हुशार मुलांच्या पिढ्या मनात मोजते, ज्यांनी माझे अर्धे भाजलेले ढेकूळ पाठ केले आणि पहिला वर्ग मिळवला.

निकालाच्या दिवशी मी गुणपत्रिका घेऊन सायकल स्टँडवरून जात होते. माझ्याकडे सायकल नव्हती. तेथून जाण्याचे काही कारण नव्हते. मामा एका पत्र्याच्या खुर्चीवर बसून बिल्ले ओवत होते. टोपीला इस्त्री नव्हती. मी उभी राहिले. काय बोलायचे ते रात्रभर घोकले होते, पण आधी मामाच बोलले.

"पास झालात न्हवं, ताई?"

"हो, मामा."

"ब्येस झालं." मग त्यांनी माझ्या हातातल्या गुणपत्रिकेकडे पाहिले, गुणांकडे नव्हे, ती धरलेल्या बोटांकडे. "नखाचा रंग साबणानं जात न्हाई. लिंबू घासायचं. आमच्या घरची बायामाणसं दिवाळीला उंबरं रंगवत्यात, तवा घासत्यात." आणि पुन्हा बिल्ले ओवू लागले.

त्यांना ठाऊक होते. पहिल्या दिवशी तळहातावर वजन केले, तेव्हापासून ठाऊक होते. परीक्षेच्या खोलीत त्यांनी भाजलेले आहे एवढेच सांगितले; कोणी भाजले, ते सांगितले नाही. पुढचे वाक्य त्यांनीही गिळले होते, पण माझ्यासाठी. मी अब्बांचा निरोप सांगितला नाही. 'बरं आहे ना, मामा?' असे काहीसे म्हणून निघून आले. अब्बांनी चार दिवसांनी विचारले. मी म्हटले, "त्यांना नोकरी सोडायची नाही." ते चाळणी उचलून अंगणात गेले. निवृत्त होईपर्यंत मामा स्टँडवरच होते, असे नंतर कळले.

मी पुढे चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. दर वर्षी गंजाचा धडा येई. मी मुलांना ढेकळे फोडून भाजायला लावत असे, सुपारीएवढी, आणि सारखी परतायला लावत असे. 'आच बाहेरून आत जाते' हे वाक्य फळ्यावर लिहीत असे. खाली कोणाचे नाव लिहिले नाही.

गेल्या महिन्यात विश्रांतवाडीच्या माझ्या फ्लॅटवर विभागाच्या सध्याच्या प्रमुख बाईंचा फोन आला. मोठ्या आदराने बोलत होत्या. विभागाचे नूतनीकरण झाले आहे, जुनी फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या आहेत, आणि निवडक ऐतिहासिक नमुन्यांचे एक दालन उघडायचे आहे. 'शिकलगार नमुना' त्याच्या मध्यभागी असेल. तो आता यंत्राखाली तपासायचा विचार आहे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नको मॅडम, हेरिटेज आहे ना, धक्का लावायचा नाही." उद्घाटनाला माझा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. नमुन्याखालच्या पाटीचा मजकूरही मीच द्यावा, अशी विनंती आहे. मजकूर मी लिहून ठेवला आहे: 'अर्धे भाजलेले पिवडीचे ढेकूळ. ठिकाण: शिकलगारांचे अंगण. भाजले: नसीम शिकलगार, चुकून. ओळखले: किसनमामा, धायरी.' तो कागद पाकिटात घालून टेबलावर आहे. तिकीट लावलेले आहे. नातीने नेल कटर शोधताना तो पाहिला आणि विचारले, "नानी, टाकू का मी पोस्टात?" मी म्हटले, राहू दे, मीच टाकेन.

सत्काराला अजून बारा दिवस आहेत. दोन शब्दांऐवजी हे प्रकरणच तेथे उभे राहून वाचावे, असे मी ठरवले आहे. माझा स्वभाव आता आपल्याला ठाऊक झाला आहे, म्हणून विचारते: मी वाचेन, असे आपल्याला वाटते का?